अक्काचा घसा

सुताराच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की पटाशी लावूनसुद्धा ती निघायची नाही. आपल्या मुलीला काहीही झालेलं नाही, ही त्यातलीच एक. शेजारी बोलले, सासूबाई बोलल्या, बालवर्गाच्या बाई बोलल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मुलीचं नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण घरात तिला सगळे मुंगी म्हणत. बापानं आणलेले लाकडाचे तुकडे ती दारापासून पलंगापर्यंत एकामागे एक लावायची, मुंग्यांची रांग असावी तसे. घरातली माणसं त्या रांगेवरून पाय उचलून चालायची. मुंगीकडे शब्द होते. 'दे' होतं, 'नको' होतं, 'लाकूड' तर फार स्पष्ट होतं. पण विचारल्याचं उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं. 'तुझं नाव काय गं,' म्हणून विचारा, ती तुमच्या शर्टाच्या बटणाकडे बघत बसणार. डॉक्टर दोन झाले आणि मतं तीन झाली. एक म्हणाला थांबा. दुसरा म्हणाला तपासण्या करा, आणि तपासण्या झाल्यावर तोच म्हणाला थांबा. तिला नक्की काय आहे, याला नाव काही कुणी दिलं नाही.

बालवर्गात घातली तर पहिल्या घंटेला ती टेबलाखाली गेली आणि घरी न्यायला येईपर्यंत कानांवरचे हात तिनं काढले नाहीत. थोड्याच दिवसांत तिथल्या बाईंनी हात जोडले.

"त्यांना मुलं सांभाळता येत नाहीत," सुतार म्हणाला. "मीसुद्धा उशिराच बोलायला लागलो होतो."

"तू उशिरा लागलास," त्याची थोरली बहीण म्हणाली, "पण लागलास तो अजून थांबला नाहीस."

ही अक्का. मुंगीची आत्या. सारी हयात बाजारात भाजी विकण्यात गेलेली, आणि आवाज असा की ती या टोकाला भाव सांगायची तर त्या टोकाचं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागायचं. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली. तर ही अशी अक्का त्या घरात कुजबुजत बोलायची. वरचं वाक्यसुद्धा ती कुजबुजतच बोलली होती. अगदीच राहवलं नाही की फाटकाबाहेर जायची, रस्त्यावर कुणीतरी गाठायची, पोटभर मोठ्यानं बोलून घ्यायची आणि परत येऊन गप्प. घरातल्यांना याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

मुंगीची आई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. खिडकीवर बसणाऱ्या बाईला गावातलं काय कळत नाही? तिला एका शाळेचा पत्ता लागला. बोलायला, बसायला, दुसऱ्या मुलांत मिसळायला ज्यांना वेगळी मदत लागते अशा लहान मुलांची शाळा. वर्गात सहाच मुलं. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलेलं नसलं तरी तिथं चालत होतं. अट एकच होती. शाळेच्या बाई घरी येणार, मुलाला बघणार, आणि त्यांना गरज दिसली तर जागा मिळणार. जागा एकच उरली होती. पाच वर्षं उलटून गेलेलं मूल ते घेत नसत आणि मुंगी पाचाला टेकली होती. ही जागा गेली की गेलीच.

नवऱ्याला तिनं हे सांगितलं ते बाई यायच्या आदल्या संध्याकाळी. आधी सांगून काय झालं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"मला न विचारता?" सुतार म्हणाला. तोही हळूच. त्या घरात भांडणसुद्धा हळू आवाजात व्हायचं, त्यामुळे निम्मी मजा जायची.

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"एकदा पोरीवर शिक्का बसला की पुसता येत नाही, कळतंय का तुला?"

"अहो, शिक्क्याचं मला नका सांगू. दिवसभर तेच करते मी." ती टॉवेलची घडी घालत होती, ती तिनं मोडली आणि पुन्हा घातली. "शिक्का बसला नाही तर पाकीट कुठंच जात नाही. पडून राहतं."

सुतार रागावून बाहेर जाऊन बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं साधं गणित होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. बाईंना काही दिसलं, तर ते मग खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघांची धावपळ सुरू झाली. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरायचंच असतं. अक्का डाळ-तांदूळ भरलेला कुकर घेऊन शेजारणीकडे गेली. तो रोज तिकडेच लागायचा, शिट्ट्या तिकडेच व्हायच्या आणि थंड झाला की घरी परतायचा. आई कोपऱ्यावरच्या मोटरसायकल दुरुस्तीवाल्याला सांगून आली की, दुपारपर्यंत इंजिन जोरात फिरवू नका, दादा. सुतारानं दारांच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं. नेहमीचीच कामं, आज जरा मनापासून केली इतकंच. ज्या आईला मुलीची गरज कुणाला तरी दिसायला हवी होती, तिनंही मुंगीचा तो जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला झगा काढला, लाकडी वाटीत दूध गार करून ठेवलं आणि केस न विंचरता नुसते हातानं सारखे केले. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, ते असं.

बाई आल्या. पन्नाशीच्या, कापडी बूट, खांद्याला मोठी पिशवी. बेल कुठं आहे म्हणून त्या चौकटीवर हात फिरवणार, तोवर दार उघडलंच. सुतार आधीपासूनच खिडकीत वाट बघत उभा होता. पाहुण्यानं दार वाजवायच्या आत ते उघडायचं, हा त्या घरचा रिवाज होता.

बाई थेट जमिनीवर बसल्या, मुंगीपासून जरा लांब. रांग कशी लागते ते बघत राहिल्या. मग त्यांनी लाकडाचा एक तुकडा उचलून रांगेच्या शेवटी ठेवला. मुंगीनं तो तुकडा बोटानं किंचित सरळ केला आणि राहू दिला. ही मोठीच मेहेरबानी होती. मग ती दूध प्यायली. बाईंनी नाव विचारलं तेव्हा तिनं त्यांच्या बटणाकडे बघितलं. पुन्हा रांगेकडे वळली. सगळा वेळ कसा लोण्यासारखा गेला. रडणं नाही, लपणं नाही.

बाई उठल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट बातमी सांगणारी माणसं असंच काहीतरी करतात.

"मुलगी वेगळी आहे, ते दिसतंय मला," त्या आईला म्हणाल्या. "बोलण्यासाठी तिला मदत लागेल, त्याचे पत्ते मी देते. पण ती शांत आहे. रमलेली आहे. या जागेसाठी आणखी एक मूल आहे, ते स्वतःच्या घरातसुद्धा स्थिर बसू शकत नाही. मला जे दिसतं तेच लिहावं लागतं, ताई. आज संध्याकाळी आमचं ठरेल."

"पण बाई, ती एरवी..." आई म्हणाली आणि थांबली. तिनं खोलीभर नजर फिरवली. दाखवण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. सगळं शांत होतं. ती कप गोळा करायला लागली.

सुतार जिंकला होता. शाळेची बाई स्वतः येऊन सांगून गेली होती की पोरगी शांत आहे, रमलेली आहे. हेच तर तो इतके दिवस सांगत होता. आता बायकोकडे बघून 'बघ, सांगत होतो ना' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. पण बायको कपबशा एकमेकींना लागू न देता, एकेक करून ताटलीत ठेवत होती, आणि तिची मान खाली होती. त्याच्या तोंडून ते वाक्य निघेना.

दारात अक्का उभी होती. "या हं परत," ती कुजबुजली.

"घशाची काळजी घ्या, बाई," शाळेच्या बाई तिला म्हणाल्या. "अगदीच बसलाय तुमचा आवाज. गरम पाण्याच्या गुळण्या करा."

"हो, करते," अक्का कुजबुजली. बाजारात एका वेळी चार गिऱ्हाइकांशी भांडणारी अक्का. तिनं मान डोलावली आणि बाजूला झाली.

बाई गेल्या. सुतारानं दार लोटलं. कडी घालताना त्याचा अंगठा सवयीनं कडीखाली गेला, तिथं त्यानंच डकवलेल्या चामड्याच्या तुकड्यावर. कडी आवाज न करता बसली. सुतार तिथंच उभा राहिला.

चामडं त्यानं का लावलं होतं? कडी खडखडते म्हणून, असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. आणि बेल काढली ती वायर जुनी झाली म्हणून. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसवले ते फरशी खराब होते म्हणून. स्टीलची ताटं माळ्यावर टाकून लाकडी थाळ्या केल्या, कारण घरात सुतार असताना स्टील कशाला. अंगणातली रंधा मशीन उचलून रस्त्याच्या पार टोकाला शेडमध्ये नेली, गिऱ्हाइकांना सोयीचं म्हणून. त्या शेडवर गिऱ्हाईक फिरकत नव्हतं ही गोष्ट वेगळी. एकेका कामाला त्याच्याकडे एकेक कारण तयार होतं, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मुंगी रडली की तो हत्यारं घेऊन उठायचा. तोंडानं म्हणायचा, पोरीला काही झालेलं नाही. आणि हात आपले दोन वर्षं घर मऊ करत बसले होते.

या घरात मुंगी शांत आहे. पण उद्या हिला दारापलीकडे पाऊल टाकायचं आहे. सगळ्या जगाच्या खुर्च्यांना रबरी बूट कोण बसवणार? आणि मी नसेन तेव्हा? मूठ झाकून झाकून त्यानं पोरीचीच जागा घालवली होती.

त्यानं कडी काढली आणि तो पळत सुटला. पायांत चप्पल नाही, कानावर पेन्सिल. बाई बस थांब्यावर पोचल्या होत्या.

"बाई," तो धापा टाकत म्हणाला, "अक्काचा घसा बसलेला नाही."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तिचा घसा कधीच बसलेला नाही. इथं उभं राहून हाक मारली तर तुमच्या शाळेत ऐकू जाईल. ती घरात तसं बोलते. आम्ही सगळेच बोलतो." सांगण्याची त्याला सवयच नव्हती. "तुम्ही परत चला. तुम्हाला आमचं घर दाखवायचं राहिलं."

तेवढ्यात बस आली. बाईंनी बसकडे बघितलं, त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि बसला हात करून जायला सांगितलं.

मग सुतारानं घर दाखवलं. कुणी नवं घर कौतुकानं दाखवावं तसं नव्हे. चोरीचा माल काढून द्यावा तसं. खुर्ची उलटी करून पाय दाखवले. कडीखालचं चामडं दाखवलं, कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या लोकरीच्या पट्ट्या दाखवल्या. चौकटीत बेलच्या वायरी कापून आत दाबल्या होत्या, त्या नखानं बाहेर ओढल्या. नळाला बांधलेलं फडकं दाखवलं, पाणी बादलीत वाजू नये म्हणून. माळ्यावरून स्टीलची ताटं काढायला निघाला तेव्हा बायकोनं त्याचा हात धरला. "राहू द्या. पडतील."

"पडली तर काय होतं?" बाईंनी विचारलं.

आता आईनं सांगितलं. एकदा एक ताट पडलं होतं. मुंगी कपाटाच्या तळाशी जाऊन बसली आणि मागच्या फळीवर डोकं आपटत राहिली. संध्याकाळ झाली तरी तिला बाहेर काढता येईना. शेवटी बापानं कपाटाची फळीच उचकटून काढली. कपाळाला टेंगूळ आलं होतं.

"मी लोकांना सांगितलं, खेळताना पडली," सुतार म्हणाला.

"आज सकाळी आम्ही काय केलं ते पण सांगा," आई म्हणाली, आणि मग तिनंच सांगून टाकलं: शेजारणीकडचा कुकर, कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, सगळं. सांगता सांगता तिलाच हसू आलं आणि डोळे भरून आले. "तुम्हाला गरज दिसावी म्हणून तुम्हाला बोलावलं, आणि तीच गरज झाकायला सकाळपासून राबलो आम्ही. आमच्यासारखे शहाणे आम्हीच."

"मी एकदा बोलून दाखवू का मोठ्यानं?" अक्कानं कुजबुजत विचारलं. "एकदाच. म्हणजे यांना खात्री पटेल."

"नको," बाई चटकन म्हणाल्या. "मुलीला रडवून मला काही बघायचं नाही. बघितलं मी." त्या उलट्या खुर्चीच्या पायावर अंगठा फिरवत होत्या. "मी येऊन तासभर बसले आणि तुमच्या कष्टांनाच मुलीचा स्वभाव समजले. पुन्हा आले हे बरं झालं. आता मला एक सांगा, मिस्त्री. तुम्हाला काय हवंय?"

सुतारानं मुंगीकडे बघितलं. ती रांगेशी बसली होती. बाईंनी ठेवलेला तुकडा अजून तिथंच होता.

"माझ्या मुलीला मदत लागते," तो म्हणाला. इतकी वर्षं हे वाक्य त्यानं घशाखाली दाबून ठेवलं होतं. "आणि ती माझ्या एकट्याच्या हातानं होण्यातली नाही. तिला घ्या."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली, ती पडायला आली होती म्हणून.

संध्याकाळी निरोप आला. मुंगीला जागा मिळाली होती. त्या दुसऱ्या मुलाचं काय, असं आईनं आधी विचारलं, तर त्यालाही घरी जाऊन शिकवायला शाळेनं एक बाई नेमल्या होत्या. मगच ती खाली बसली.

शाळा म्हणजे काही जादूची कांडी नव्हती. सुरुवातीला मुंगी रोज रडली आणि सुतार रोज कुंपणाबाहेर उभा राहिला. एकदा त्याला आत बोलावलं, तर त्यानं आधी वाकून खुर्च्या बघितल्या. पायांना रबरी बूट होते. पण वाकडे बसवलेले. सुट्टीच्या दिवशी जाऊन तो सगळे सरळ करून आला, आणि बाईंनी चहा दिला तेव्हा त्यानं विचारलं, आता घरी काय करू?

"घरी एक बेल लावा," बाई म्हणाल्या.

सुताराला वाटलं, बाईंचं काहीतरी चुकतंय.

"तिच्या हाताला येईल अशा उंचीवर. हळू वाजणारी. आवाज दुसऱ्यानं केला की ती घाबरते. एक आवाज तिचा तिला करू द्या. वाजवायची की नाही ते तीच ठरवेल, तुम्ही घाई करू नका."

घाई न करणं हे सुताराला सगळ्यांत जड काम. पण केलं. चौकटीला कमरेखाली एक छोटी लाकडी पेटी बसवली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मधोमध बटण लावलं. बटणांशी मुंगीची जुनी ओळख होती. शाळेतून आली की ती पेटीसमोर उभी राहायची. बघायची. मग बोट लावायची आणि काढून घ्यायची. हे असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. बाप शेजारी उभा राहायचा, जिभेवर आलेलं 'दाब गं' गिळून टाकायचा आणि दार उघडायचा.

एके दुपारी असेच दोघं शाळेतून आले. सुतार खिशातून किल्ली काढत होता. आत अक्का एकटीच भाजी निवडत बसली होती. मुंगीनं एक कान हातानं गच्च दाबला, दुसरा हात पुढं केला आणि बटण दाबलं.

बेल वाजली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात बेल वाजली, आणि अक्काचं भान सुटलं. बाजारातला तो सगळा आवाज दार, भिंती फोडून बाहेर आला.

"कोण आहे?"

सुताराच्या हातातली किल्ली तशीच राहिली. आता ही बसणार, आता ही कान दाबून जमिनीवर बसणार, म्हणून तो खाली वाकला, दोन्ही हात पसरून. आत अक्कानंही तोंडावर हात मारून घेतला असावा, कारण पुढं काहीच ऐकू आलं नाही.

मुंगी बसली नाही. तिचा एक हात कानावरच होता. ती दाराकडे बघत होती, नुसती बघत होती, तिला काहीतरी विचारलंय हे कळल्यासारखी.

"मुंगी," ती म्हणाली.

दार उघडलं. अक्का दारात उभी होती, हातात भाजीची जुडी, डोळ्यांतून पाणी. तिनं ओठ हलवले, पुन्हा हलवले. त्या दिवशी मात्र तिचा घसा खरोखरच बसला होता.